व्हिस्कीत वाळा

९ एप्रिल, बुधवार

सकाळी साडेअकरा. अवि बँकेत. झाडू-पोछा करून कमला गेली. पडदे ओढलेले, पंखा फुल. जयपूरच्या वैशाली नगरात एप्रिलमध्येच मे सुरू होतो.

बाटली क्र. ४१. नाशिकची शिराझ. नाक: भिजवलेले बेदाणे, मिरी, मागून ओलं गोणपाट. जीभ: चिंचेचा कोळ, जरा पातळ केलेला. मागे उरलं: सुपारीचा तुरटपणा. तीन घोट, तिन्ही पातेल्यात थुंकले. (यापुढे नुसतं ‘थुं.’ लिहीन, कंटाळा येतो.) दहापैकी सहा.

वाइन-व्हिस्की चाखण्याच्या ऑनलाइन कोर्सच्या बाई सांगायच्या, जेवणाआधी नाक सगळ्यात तल्लख असतं. म्हणून साडेअकरा. शिवाय माझं नाक तासगावचं. बाबांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी जास्त झाली की मी फाटकातूनच ओरडायचे. त्या नाकाचं चोपन्नाव्या वर्षी का होईना, चीज होतंय.

अविसमोर बाटली उघडत नाही. जानेवारीत त्याचं लिव्हर बिघडलेलं निघालं, डॉक्टर म्हणाले थेंबही नको. अविने सासूबाईंच्या फोटोसमोर हात जोडून सोडली. (डॉक्टरांपेक्षा फोटोला जास्त घाबरतो.) वीसेक वर्षं रोज संध्याकाळी दोन पेग घेणारा माणूस एका दिवसात सोडतो? बघू. वहीत मी त्याला अवि म्हणते, तोंडावर अहो.

१५ एप्रिल, मंगळवार

क्र. ३८, गोव्याची सिंगल माल्ट. मार्चमध्ये उघडली होती, तेव्हा साडेआठ दिले होते. तूप कढवल्यावर तळाला राहते त्या बेरीचा वास, जुनं लाकूड, मध.

आज: काही नाही. बेरी कुठेतरी लांब, शेजारच्या घरात कढवल्यासारखी. जीभ पातळ.

बाटली उजेडात धरली. प्रत्येक वेळी लेबलच्या कडेला पेन्सिलचा बारीक ठिपका करते, पातळी कुठे आहे त्याचा. पातळी बरोबर ठिपक्यावर. एक केस इकडे-तिकडे नाही.

मग चव कुठे गेली?

पहिले दोन घोट थुं. तिसरा-चौथा नाही. खात्री करून घ्यायची होती.

१७ एप्रिल, गुरुवार

दुकानदाराकडे गेले. सर्कलजवळचं दारूचं दुकान. आठला शटर पडतं, त्याआधी तासभर नुसती झुंबड, म्हणून दुपारी चारला. बाई बघितली की तिथली पुरुषमंडळी मोबाइलमध्ये बघायला लागतात.

म्हटलं, ‘भैया, पिछले महीने जो दी थी, वो असली थी?’

त्याचा चेहरा पडला. ‘मैडम, सील तो आपने देखी थी. और उस दिन तो आपने ही कहा था, बढ़िया निकली.’

हो, म्हटलं होतं खरं. साडेआठ दिले होते. म्हणजे नंतर झालंय. म्हणजे घरात.

येताना एक जिन घेतली. तिथे उभं राहून काहीच न घेणं बरं दिसलं नसतं.

२२ एप्रिल, मंगळवार

मैत्रीण वंदनाने फौजी कँटीनमधून आणून दिलेली रम (क्र. ३५) पण तशीच. गुळाची काकवी जाऊन राहिलंय गुळाचं पाणी. ठिपका जागच्या जागी. म्हणजे कुणीतरी घेतंय आणि वर तेवढंच पाणी घालतंय. ठिपका बघून! हिशेबी चोर आहे.

घरात माणसं किती? अवि, मी, कमला. मुलगी मुग्धा बेंगळुरूला.

कमला कपाट पुसते. कमलाचा नवरा पितो, हे तिनेच सांगितलंय. मला विचार करायला सुद्धा लाज वाटली, पण केला. कपाटाला कुलूप लावलं.

दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं. ‘भाभीजी, ताला किसके लिए?’

‘बच्चे-वच्चे आते हैं ना.’

‘बच्चे तो बेंगलूर हैं.’ एवढंच म्हणाली आणि कपडा पिळायला गेली. दिवसभर भाभीजी नाही, काही नाही. चहा पण घेतला नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कुलूप काढलं नाही.

३ मे, शनिवार

वंदनाकडे भिशी. (घरच्यांसाठी भिशी. आमच्यासाठी चव-मंडळ.) वंदना, मी आणि तिच्या ओळखीच्या दोन फौजी बायका. तिचे कर्नलसाहेब निवृत्त झाले तरी त्यांचे हिरवे लोकरीचे मोजे अजून ड्यूटीवर आहेत, बाटल्यांवर चढवायला, म्हणजे लेबल दिसत नाही. पाच मोजे, पाच बाटल्या, वासावरून ओळखायचं.

मुद्दाम नीट लक्ष दिलं. मनात भीती होती की दोष बाटल्यांचा नसून माझ्या नाकाचाच असेल तर. करोनात वंदनाचं सहा महिने गेलं होतं.

पाचही ओळखल्या. इथे राजघराण्याच्या कृतीची म्हणून विकतात ती बडीशेपेची दारू सुद्धा, ग्लास नाकापासून वीतभर लांब असताना.

वंदना म्हणाली, ‘अगं बया, तुला विमानतळावर ठेवायला पाहिजे, कुत्र्याच्या जागी.’

म्हणजे नाक शाबूत. चोर खरा.

वंदनाला सगळं सांगितलं. ती साताऱ्याची, आडपडदा नाही. ‘कुलूप लावून पण होतंय? मग दुसरी किल्ली कुणाकडं हाय बघ की.’

दुसरी किल्ली अविच्या बँकेच्या बॅगेत असते. घरातल्या सगळ्याच दुसऱ्या किल्ल्या असतात.

तिच्याकडे थुंकायला डबा ठेवलेला असतो. आज लांब होता, सोफ्याच्या पलीकडे. राहू दे म्हटलं.

७ मे, बुधवार

सापडलं.

सकाळी ११.१०. परवाच सील फोडलेली व्हिस्की, क्र. ४४. परवा चांगली होती. आज पातळ. ग्लास हातात घेऊन बराच वेळ नुसता वास घेत बसले, गरम होईपर्यंत. आणि मग, सगळ्याच्या मागून, अगदी बारीक: वाळा.

दुसरं काही असूच शकत नाही. उन्हाळा लागला की मी माठात वाळ्याची जुडी टाकते, आईची सवय. जयपूरच्या पाण्याचा खारट वास त्याशिवाय जात नाही. मी फ्रिजची बाटली पिते. कमला नळाला लावलेल्या फिल्टरचं. माठाचं पाणी या घरात एकच माणूस पितो, ऑफिसातून आल्यावर, तांब्याने, वरून धार धरून.

अवि.

फोटोसमोर हात जोडून सुद्धा.

रडायलाच आलं. राग आला तो वेगळा. लिव्हर त्याचं, पण विधवा मी होणार ना.

बाटलीत पाणीच जास्त, थुंकायचं तरी कशाला. एरवी ओतते त्याच्या दुप्पट ओतली, तेव्हा कुठे काहीतरी लागलं.

८ मे, गुरुवार

कमलाला म्हटलं, ‘ताला निकाल दिया.’

‘अच्छा.’ बस.

तिच्यासाठी मावा कचोरी आणली. घरी नेली, इथे खाल्ली नाही.

१३ मे, मंगळवार

पाळत. चार दिवसांचं निरीक्षण:

घरी येतो ६.४० ला. बूट काढतो, माठाकडे जातो, तांब्याभर पितो. मग हात-पाय धुतो. मी टॉवेल द्यायच्या निमित्ताने जवळ जाते. वास: घाम, बँकेच्या एसीचा कुबट वास, बडीशेप. बडीशेप नेहमीच खातो, पण आता मला तिचाच संशय येतो. दारू झाकायला खातो काय?

शुक्रवारी रात्री जेवताना डोळे लाल. म्हटलं, ‘डोळे का लाल?’

‘धूळ आहे. आंधी होती ना दुपारी.’

आंधी होती खरी.

काल विचारलं, ‘अहो, तुम्हाला काही सांगायचंय का मला?’

भाजीची वाटी त्याने खाली ठेवली. मग म्हणाला, ‘तुला सांगायचंय का काही?’

चोर तो चोर, वर मलाच प्रश्न.

१८ मे, रविवार

मुग्धाचा फोन. तिला वाळ्याची गोष्ट सांगितली, पप्पांना कळू देऊ नकोस म्हटलं. ती मग तिच्या त्या अर्ध्या हिंदी मराठीत म्हणाली, ‘आई, मतलब, हे तू मला परवा पण सांगितलेलं. सेम टू सेम.’

‘परवा मी फोनच केला नाही.’

‘केलेलास. दोपहरला. बारा वाजता.’

मोबाइल बघितला. शुक्रवार, १२.०८, सव्वीस मिनिटं.

आठवत नाही. उन्हाने होतं असं. इथलं ऊन डोक्यात जातं.

२१ मे, बुधवार

अविची रक्ततपासणी होती, मीच तारीख काढली होती. आता पुरावा हातात येणार म्हणून मीच धावत लॅबमध्ये. डॉक्टरांकडे पण मीच बरोबर. खरं तर तो एकटा जाऊन कागद लपवेल अशी शंका.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. ‘वाह साहब. चार महीने में ऐसा लिवर मैंने कम देखा है. एक बूंद नहीं ली आपने.’

अवि नुसता हसला. मी पण हसले, मला हसावंच लागलं.

गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत होते. एकच विचार: याने प्यायली नाही, तर गेली कुठे?

२२ मे, गुरुवार

विचारलं. सकाळी, तो बूट घालत असताना. बसलेला माणूस पळून जात नाही.

‘माझ्या बाटल्यांत माठाचं पाणी कोण घालतं?’

तो लेस बांधत राहिला. दुसऱ्या पायाची पण बांधली. मग म्हणाला, ‘मी.’

‘पिता?’

‘नाही. मोरीत ओततो. तेवढंच पाणी घालतो. तुझी खूण मोडू नये म्हणून.’

‘का?’

आणि मग जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर मी उद्या ते बदलीन.

‘सुनंदा, मी वीस वर्षं प्यायलो. मला दिसतं. तू साडेअकराला सुरू करतेस. मी दुपारी फोन केला की तुझा आवाज जड असतो. रिकाम्या बाटल्या कबाडीवाल्याला मीच देतो, तुझ्या लक्षात आलं नसेल. आधी महिन्याला एक असायची. थांब म्हणायची हिंमत झाली नाही. मी कोण सांगणारा? माझं तोंड आहे का? म्हणून पाणी घालत होतो. तेवढी तरी कमी जाईल.’

मी म्हटलं, ‘मी चव घेते. कोर्स केलाय मी. चव घेणं वेगळं आणि…’

‘हो,’ तो म्हणाला. ‘मी पण दिवसभराचा शीणच घालवायचो.’

बँकेत गेला. उशीर झाला होता त्याला.

मला इतका राग आलाय की अक्षर बघा. चोरासारखं कपाट उघडायचं, ओतायचं, मोजून पाणी घालायचं, आणि संध्याकाळी समोर बसून वरण-भात खायचा! कमलावर आळ घेतला मी याच्यापायी. तिच्यासमोर उभं राहायची सोय नाही राहिली. आणि मी पिते म्हणे. मी!

२३ मे, शुक्रवार

त्याला खोटं पाडायचं म्हणून वही काढली. प्रत्येक नोंदीत ‘थुंकले’ नाहीतर ‘थुं.’ आहे, दाखवते म्हटलं त्याला, पुराव्यासकट.

गेल्या वर्षीच्या पानांवर आहे. सगळीकडे. जानेवारीत आहे. फेब्रुवारीत आहे.

मार्चमध्ये निम्म्या ठिकाणी.

९ एप्रिलला आहे. १५ ला अर्धवट. त्यानंतर एकदाही नाही. आणि या वहीत न आलेल्या बाटल्या पण आहेत. त्या दिवशी घेतलेली जिन. आणल्याचं लिहिलंय, चवीची नोंदच नाही. बाटली कपाटात नाही. तिचा वास कसा होता तेही आठवत नाही. मला! सर्कलपासून घरापर्यंत हातात धरून आणली ते आठवतं फक्त.

तो पाणी घालत होता, म्हणून मी दुप्पट ओतत होते. हसावं की काय करावं.

गेला दीड महिना मी घरातल्या प्रत्येकाचा वास घेत फिरले. माझा स्वतःचा घेतला नाही.

२५ मे, रविवार

बाल्कनीत बसलो, सकाळी, कूलर लावायच्या आधी. मी म्हटलं, ‘मला राग आलाय तुमचा. विचारायला हवं होतं मला.’

‘तू मला विचारलंस? माझा रिपोर्ट बघायला लॅबपर्यंत धावलीस.’

बरोबर आहे.

‘एक महिना,’ मी म्हटलं. ‘एक महिना काही नाही. मग बघू. जमलं तर मी म्हणते ते खरं.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर तुम्ही बरोबर.’

‘मला बरोबर ठरायचंच नाहीये,’ तो म्हणाला. आवाज फुटला त्याचा. लग्नात सुद्धा रडला नव्हता हा माणूस. मी उठून कूलर लावला. मला त्याच्याकडे बघवेना.

कपाटातल्या बाटल्या त्याने वंदनाकडे पोचवल्या. मी यादी केली नाही.

२७ मे, मंगळवार

कमलाला बसवून सांगितलं. साहेबांनीच केलं होतं, तू नव्हतीस, माझी चूक झाली, माफ कर.

ती म्हणाली, ‘मुझे तो पता था भाभीजी. साहब नाली में डालते थे. आपके लिए ही डालते थे, तो मैं क्यों बोलूँ.’

म्हणजे सगळ्या घराला माहीत. फक्त नाकवालीला नाही.

आज चहा घेतला तिने. दोन बिस्किटं पण.

३१ मे, शनिवार

सहावा दिवस. साडेअकराला काय करायचं कळत नाही. साडेअकरा वाजतातच कशाला. लोणच्याच्या कैऱ्या आणल्या, फोडी केल्या, मीठ लावलं. हात थरथरतो का ते बघितलं. किंचित. सुरी जड आहे ती.

अविवर तीनदा ओरडले. एकदा मीठ, एकदा मोबाइलचा आवाज, एकदा काहीच कारण नाही. तो उत्तर देत नाही. त्याचा राग येतो जास्त.

झोप नाही. पण सकाळी डोकं स्वच्छ. दुधाला करपल्याचा बारीक वास होता, दूधवाल्याने तापवलेलं दूध दिलंय, मला उंबऱ्यातच कळलं. कितीतरी दिवसांनी इतकं चटकन.

४ जून, बुधवार

वंदनाचा फोन. शनिवारी भिशी. सांगलीकडची कुठलीतरी नवी वाइन मिळाली आहे तिला, ‘तुझ्या माहेरची द्राक्षं हैत, ये की. थुंक सगळं, कोण अडवतंय.’

तिला अजून सांगितलेलं नाही. बाटल्या का आल्या तिच्याकडे, तर घराला रंग काढायचाय म्हणून.

अविला विचारलं, जाऊ का?

‘तूच ठरव.’

नको जाऊस म्हणाला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

७ जून, शनिवार

गेले. पाच मोजे. डबा स्वतः उचलून मांडीजवळ ठेवला. पहिली थुं. दुसरी थुं. तिसरी थुं. चौथी, बडीशेपेचीच परत, थुं. वंदना म्हणाली, ‘आज काय परीक्षा हाय व्हय?’

पाचवी. नाक: उन्हात तापलेली वेल, बेदाण्याच्या जाळीखालची माती, आणि अगदी पुसट गंधक. बाबांची शेड, दुसरं काही नाही. डोळ्यांत पाणी आलं, सगळ्याजणी बघत होत्या.

ती थुंकली नाही. एक घोट. एकच, हे लिहून ठेवते. दुसरा मागितला नाही, ग्लास पालथा घातला, हेही लिहून ठेवते. दोन्ही खरं आहे. कुठलं धरायचं ते मला ठरवता येत नाही. तेरावा दिवस होता.

रिक्षात पूर्ण वेळ एकच घोळत होतं. एका घोटाने काय होतं? हे वाक्य अविच्या तोंडून किती वेळा ऐकलंय मी.

साडेसहाला घरी. आज सुट्टी असल्यामुळे तो घरीच, दारातच उभा होता, भाजीची पिशवी हातात तशीच. काही विचारलं नाही. मीच म्हटलं, ‘घ्या वास. घ्या की.’

पिशवी खाली ठेवून जवळ आला. माझ्या तोंडापाशी वाकला. डोळे मिटून वास घेतला त्याने, मी ग्लासाचा घेते तसा. बराच वेळ.

मग सरळ उभा राहिला. ‘मला नाही कळत गं,’ म्हणाला. ‘तू सांगशील ते खरं.’

आता तो आत गवार मोडतोय. मला शिरा काढायला हाक मारतोय. मी अजून काही सांगितलेलं नाही.